चौथा चौकोन

बहावा फुलला की मला नकोसं होतं. लोक मान वर करून त्या पिवळ्या घोसांकडे पाहतात, फोटो काढतात. मी खाली बघून फाटकातून बाहेर पडतो. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत फाटकाशीच हे झाड आहे. एप्रिलच्या उन्हात बाकी सगळं करपत असताना ते एकटंच झळाळतं. त्याचा पहिला घोस लोंबला की समजायचं, शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या शाळेच्या पटांगणात व्याख्यानमालेचा मांडव पडायची वेळ आली. मांडव आठवला की फळा आठवतो, फळ्यावर रंगीत खडूनं आखलेले सात चौकोन आठवतात, आणि त्यांतल्या चौथ्यापाशी नजर अडखळते.

यंदा घोस लोंबले त्याच आठवड्यात ऋजुताचा फोन आला. ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळाची सध्याची चिटणीस, माझ्या एका विद्यार्थ्याची मुलगी. दिवसभर कुठल्याशा आयटी कंपनीत असते आणि संध्याकाळी मंडळाचं काम बघते.

"सर, या वर्षी तुमचं ते एलियन्सवालं लेक्चर परत ठेवूया ना. बाबा अजून सांगतात. हाउसफुल्ल होईल."

"अगं, मी आता ऐंशीच्या पुढे आहे. फार वेळ उभं राहवत नाही."

"खुर्ची देऊ की सर. आणि तो बाईंना मारलेला पंच मात्र पाहिजेच हं. तो लेजंडरी आहे."

मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. चहावर साय धरली होती. शैला, माझी बायको, समोर बसून कैरी किसत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "तेच ना?" मी मान हलवली. "मग या खेपेला काय करणार आहात?" किसणी काही थांबली नाही.

आमच्या वेळी उन्हाळा हा ऐकण्याचा मोसम होता. परीक्षा झालेल्या असायच्या, घरोघरी मास्तर मंडळी पेपर तपासत बसलेली असायची, आणि ऊन कललं की सगळी पेठ शाळेच्या पटांगणाकडे निघायची. शिपाई मातीवर पाणी मारायचा. आधी गरम वाफ अंगावर यायची, मग मागून गारवा. लोखंडी खुर्च्या दिवसभर तापलेल्या असत, म्हणून माणसं घरून उशा घेऊन यायची. काखेत उशी मारून निघालेली ती गंभीर चेहऱ्याची मंडळी पाहून परगावचा माणूस चक्रावायचा. बायकांच्या केसांत मोगरा असे. वाळा घातलेल्या पाण्याचा माठ कोपऱ्यात. वेळ म्हणजे वेळ. वक्ता पोचला नसला तर मंडळ त्याचे आभार आधी मानून घेतं, अशी ख्याती होती. आणि शेवटी प्रश्नोत्तरं. लोक खरे त्यासाठीच येत. "माझे प्रश्न दोन, पहिल्याचे तीन भाग," असं म्हणून कुणी उठलं की वक्त्यानं घाम पुसायला घ्यायचा.

मी त्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो. चाळिशीचा, बोलण्यात पटाईत, आणि आपण बोलण्यात पटाईत आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. मंडळानं मला विषय दिला परग्रहावरच्या जीवसृष्टीचा.

तिकडे कुणी आहे का, हे विचारायची एक रीत आहे. मोठा प्रश्न एकदम विचारायचा नाही, त्याचे तुकडे करायचे. आपल्या आकाशगंगेत वर्षाला नवे तारे किती जन्मतात, हा पहिला चौकोन. त्यांतल्या कितींभोवती ग्रह फिरतात, हा दुसरा. जीव जगू शकेल असे ग्रह त्यांत किती, तिसरा. अशा ग्रहांपैकी कितींवर खरोखर जीव निर्माण होतो, चौथा. मग कितींत बुद्धी उगवते, पाचवा. त्यांतले कितीजण आपल्याला ऐकू येईल अशी हाक मारतात, सहावा. आणि अशी हाक मारणारी जमात टिकते किती वर्षं, हा सातवा. सातही आकडे गुणायचे. येईल तेवढे आपले शेजारी.

रीत सुंदर आहे, आणि फसवीही. गुणाकार फार सभ्य असतो. आत काय टाकलं, कुठून आणलं, हे तो विचारत नाही.

मी सभेलाच आकडे विचारायचं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी मला जे दिसलं ते तेव्हा कळलं नाही. आता मात्र सारखं आठवतं. माणसं आकाशाचा अंदाज आपल्या अंगणावरून करतात. तिसऱ्या चौकोनाला कोथरूडचे एक शेतकरी उठले. त्या काळी कोथरूडला शेतं होती आणि नुकतीच प्लॉट पडायला लागली होती. म्हणाले, "जागा मोकळी हाय म्हनल्यावर कुणीतरी ऱ्हायला येनारच की सर. आमच्याकडं बघा." पटांगण हसलं. सातव्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "शंभर वर्षं धरा. जास्त नको. आम्ही काय बनवत होतो ते मला माहीत आहे." त्यावर कुणी हसलं नाही. मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई मात्र कळवळून म्हणाली, "इतकं काय हो, लाख तरी लिहा!" आम्ही मधला कुठलासा आकडा लिहिला, भाजीवाल्याशी घासाघीस करून लिहावा तसा.

आणि चौथा? चौथ्याला मी कुणाला विचारलंच नाही. तो मी घरून घेऊन आलो होतो.

आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लंबकाचा प्रयोग असतो. लंबकाच्या झोक्यांवरून पृथ्वीचं गुरुत्व काढायचं. उत्तर काय यायला हवं ते मुलांना आधीच पाठ असतं. मग ती उत्तरावरून उलट्या पावली येतात आणि निरीक्षणं लिहितात. पुण्याच्या प्रयोगशाळांतला लंबक जितका आज्ञाधारक आहे तितका जगात कुठे नसेल. अशी वही मी दुरून ओळखायचो. "लंबक हलवलास, की त्याला नुसतंच विचारलंस?" असं म्हणून मी पोरांना घाम फोडत असे.

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी, पंख्याखाली पालथं पडून, मी बाकीचे आकडे अंदाजानं धरून तो गुणाकार करून पाहिला. चौथ्या चौकोनात मी लिहिलं होतं, हजारात एक. उत्तर एकाहून कमी आलं. म्हणजे शेजारी तर सोडाच, आपणसुद्धा नसायला हवं होतं. पुन्हा केला. पुन्हा तेच. अंगाला घाम, बाहेर आइसफ्रूटवाल्याची घंटा, आणि टेबलावर मंडळाची छापून आलेली पत्रकं. त्यांवर लाल अक्षरांत माझ्या नावाखाली विषय होता, 'आपण एकटे नाही'. पत्रकं पेठेत वाटूनही झाली होती. मी रबर घेतलं आणि चौथ्या चौकोनातलं 'हजारात एक' खोडून 'प्रत्येकावर' केलं. योग्य ग्रह मिळाला की जीव निर्माण होतोच! उत्तर शंभर आलं. छान गोल, टाळ्या पडतील असं. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि पन्हं प्यायलो. पन्ह्याची ती चव आजही जिभेवर आली की मला गिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी सभेचे आकडे माझ्या अंदाजाच्या आसपासच पडले; मी फळ्यावर गोल करून शंभर लिहिलं आणि टाळ्या पडल्याच. अध्यक्ष म्हणाले, "शंभर संस्कृती, पण सुसंस्कृत एकच, आणि ती पेठेत." पटांगण खुशीत होतं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून गद्रेबाई उठल्या.

गद्रेबाई आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, शाळेमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. दर शनिवारी मुलांना घेऊन टेकडीवर जायच्या, दगड उलटवून खालचे किडे दाखवायच्या आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायला लावायच्या. आवाज बारीक, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"सर, बाकीचे आकडे सभेला विचारलेत. चौथा कुठून आणलात?"

मी म्हणालो, "पृथ्वीवर जीव आहे ना बाई?"

"आहे. पण उदाहरण एकच आहे. एका उदाहरणावरून प्रत्येकावर होतो असं म्हणता येत नाही, आणि कुठेच होत नाही असंही म्हणता येत नाही. तिथं 'माहीत नाही' असं लिहायला हवं. आणि मग खाली शंभर लिहिता येणार नाहीत."

पटांगणात चुळबुळ झाली. त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं जिथं रबराचा बुरा अजून झटकायचा राहिला होता. मला उत्तर ठाऊक होतं. सभेत त्या क्षणी ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. आणि मी हसून म्हणालो,

"बाईंना एकटं राहायची सवय आहे. त्यांना सगळं विश्व एकटंच वाटणार."

काय हशा पिकला! उशा हवेत उडायच्या बाकी राहिल्या. कुणीतरी 'वा सर!' म्हणालं. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदर सावरून खाली बसल्या. पहिल्या रांगेत शैला होती. ती हसली नव्हती.

आपल्या गावाला शेलकं बोलण्याचं भारी कौतुक. ते वाक्य पेठेत फिरलं, कट्ट्यांवर गेलं, लग्नाच्या पंगतीत मला ऐकवलं गेलं. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांनी माझी ओळखच त्या वाक्यानं करून दिली. गद्रेबाई व्याख्यानमालेला यायच्या थांबल्या नाहीत. उशी घेऊन येत, मागे बसत. प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांनी शनिवारचा वर्ग सोडल्याचं हेडमास्तरांनी मला सांगितलं. "तुम्हीच घ्या. लोक तुमचं ऐकतात." मी घेतला. टेकडीवर मुलांना नेऊन मी त्यांना तारे दाखवायला लागलो. दगड कुणी उलटवले नाहीत. दोनेक वर्षांत वर्ग बंदच पडला.

ही इतकी वर्षं मी काय करत होतो? अंदाज करत होतो. निवृत्तीनंतर बाई कोथरूडलाच राहायला आल्या, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. शैलाला त्या भाजीवाल्याकडे भेटतात. "काठी आली हातात, पण कान तिखट आहेत," ती मला सांगते. आणि मी आरामखुर्चीत बसून माझे चौकोन आखतो. बाईंना ते वाक्य आठवत असेल, याची शक्यता किती? आठवत असलं तर लागलं असेल, याची किती? लागलं असलं तर अजून दुखत असेल, याची? आपण जाऊन बोललो तर बरं वाटेल, खपली निघणार नाही, याची? सगळं गुणलं की उत्तर दर वेळी इतकं बारीक यायचं की उठून चप्पल घालण्यात अर्थ नाही. फार उशिरा लक्षात आलं की इथंही पत्रक आधी छापलेलं होतं. जायचं नाही हे ठरलेलं होतं. निरीक्षणं मागून येत होती.

त्या सात चौकोनांतला दुसरा तेव्हा निव्वळ तर्क होता. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह आहेत की नाहीत, कुणाला माहीत नव्हतं. मोठमोठी माणसं यावर भांडत. मग लोकांनी दुर्बिणी लावल्या, ताऱ्यांचा उजेड किंचित मंदावतो का ते चिकाटीनं पाहिलं, आणि आता ग्रह हजारांनी सापडलेत. त्या चौकोनाचं भांडण मिटलं, ते कुणी हुशार बोललं म्हणून नव्हे. कुणीतरी जाऊन पाहिलं म्हणून.

हे मी शैलाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग उठा की. विश्वाचं राहू द्या, दोन गल्ल्या आहेत."

ऋजुताला होकार देऊन आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन चढायच्या आत निघालो. दोन गल्ल्यांत मी तीनदा थांबलो; एकदा क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटी जाऊ द्यायला, दोनदा उगीचच. दार उघडंच होतं. खिडकीशी बाई बसल्या होत्या, बरणीतलं हिरवं पाणी उजेडात धरून भिंगातून बघत.

"कोण? लिमयेसर? या. चप्पल बाहेर."

मी बसलो. पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"काय काम काढलंत?"

"व्याख्यान आहे. पुन्हा तेच."

"कळलं. मंडळाची ती मुलगी पत्रक देऊन गेली. फळा तोच आहे का?"

मग मी सांगितलं. पंखा, पत्रकं, हजारात एक, रबर, सगळं. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं बाई. म्हणून तसं बोललो. मला क्षमा…"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बाईंनी बरणी खिडकीत ठेवली, झाकण लावलं, भिंग पदराला पुसलं.

"सर, ते तुम्ही पटांगणात बोललात, भरल्या सभेत. हे माझ्या बाहेरच्या खोलीत कशाला सांगताय? इथं कोण हसलं होतं?"

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

"एकटं राहण्याचं म्हणाल, तर मला त्याचा कधी त्रास झाला नाही. पुष्कळ वाचून झालं. त्रास झाला तो प्रश्न वाया गेल्याचा. चांगला प्रश्न होता." मग स्वयंपाकघराकडे बोट करून, "चहा घेणार असाल तर साखर वरच्या फळीवर आहे. माझा हात पोचत नाही."

चहा मी केला. फार गोड झाला, हेही त्यांनी सांगितलं.

सभेत उभं राहून शंभर संस्कृती निर्माण करणं सोपं होतं. एक वाक्य मागं घेणं अवघड. ऋजुताला फोन करून सांगितलं की तो पंच येणार नाही, आणि विषयाचं नाव 'चौथा चौकोन' असं बदल. "सर, कॅची नाहीये," ती म्हणाली. मी म्हणालो, "कॅची होतं तेव्हाच घोटाळा झाला." तिनं बदललं. त्या दिवशी पटांगणात बसलेली कितीतरी माणसं आता नाहीत, आणि ते वाक्य मात्र त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचलंय. ते जिथं जिथं गेलं तिथवर माझा आवाज पुरायचा नाही. म्हणून हे छापायलाही देतो आहे.

व्याख्यानाच्या संध्याकाळी पटांगणावर पाणी मारलेलं नव्हतं. आता फरशी आहे, वर पत्र्याची शेड, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. उशी कुणाच्या काखेत नव्हती. तिसऱ्या रांगेत मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथं एक जोडपं मोबाइल बघत होतं. बाई येतील याचा अंदाज करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं, आणि तरी करत राहिलो.

सात चौकोन आखले. रेघा वाकड्या गेल्या. आकडे लिहीत गेलो. चौथ्यापाशी आलो, थांबलो, आणि त्या दुपारचं सगळं सांगितलं. रबराचं सांगितलं. मग ते वाक्य सांगितलं, शब्दन् शब्द, आणि म्हणालो, "हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. माझी चोरी पकडली गेली होती म्हणून बोललो. गद्रेबाईंचा प्रश्न बरोबर होता." चौथा चौकोन रिकामा ठेवला. इतकी शांतता मी मास्तरकीतही कधी मिळवली नव्हती.

मग एक गृहस्थ उठले. "म्हणजे उत्तर काय?"

"माहीत नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"तिकीट नव्हतं हे बरं झालं," असं म्हणून ते बसले. इकडेतिकडे थोडं हसू फुटलं. कुणी घड्याळ बघितलं, एकदोन जण उठून गेले. ऋजुता कडेला उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. खुर्ची जवळ ओढली आणि बसणार, तेवढ्यात अगदी मागून, माठ असायचा त्या कोपऱ्यातून, काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"सर, चौथा रिकामा ठेवलात. ठीक. पाचवा कुठून आणलात?"

बारीक आवाज. शेवटच्या बाकाकडून पहिल्याकडे आलेला.

मी फळ्याकडे वळलो. पाचव्या चौकोनात माझ्याच अक्षरात 'शंभरात एक' लिहिलेलं होतं. बुद्धीचं तरी आपल्याकडे दुसरं उदाहरण कुठे आहे? मी शोधलं, आठवून पाहिलं.

"सवयीनं लिहिला, बाई."

पटांगण हसलं. या खेपेला माझ्यावर. मी डस्टर उचलला आणि पाचवा पुसला. खडूची धूळ दिव्याच्या उजेडात तरंगत राहिली. ती खाली बसायच्या आतच मागून पुन्हा काठी वाजली.

"आणि सहावा?"